व्हॉल्व्ह गिटार ॲम्पचा टोन सुधारताना: खर्ज कुठे कापायचा, कुठे राहू द्यायचा

ॲम्प उघडण्याआधी तक्रार नीट शब्दांत मांडा. "टोन बरा नाही" एवढ्यावरून काहीच करता येत नाही. "क्लीनवर (न फाटलेल्या आवाजात) पहिली तार कानात टोचते", "गेन (सिग्नल किती वाढवायचा त्याचा नॉब) सातच्या पुढे नेला की सहाव्या तारेवरच्या पाम म्यूटचा (तळहात टेकवून दाबून वाजवलेल्या ठोक्यांचा) लगदा होतो", "ड्रम सुरू झाले की माझी गिटार कुठे गेली कळत नाही" अशी वाक्यं हवीत. यातल्या प्रत्येक तक्रारीचं मूळ सर्किटमध्ये वेगळ्या जागी असतं. जागा चुकली तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चार महागडे कपॅसिटर बदलूनही आवाज तिथल्या तिथेच राहतो.

हा लेख ज्यांना सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर वापरता येतो आणि सर्किट डायग्राम थोडाफार वाचता येतो त्यांच्यासाठी आहे. यातलं पहिलंच काम ॲम्पवर करायचं असेल तर थांबा, आधी पेडलचे दोन-तीन किट जोडून हात बसवा. ॲम्प वॉरंटीत असेल तर उघडल्यावर ती जाते, हेही लक्षात असू द्या.

बहुतेक सगळे बदल एका प्रश्नाभोवती फिरतात: कोणते स्वर डिस्टॉर्शनच्या (आवाज फाटण्याच्या) आधी कापायचे आणि कोणते नंतर? खर्जात ताकद जास्त असते, त्यामुळे व्हॉल्व्ह सगळ्यात आधी खर्जामुळे फाटतो. तो खर्ज आधीच थोडा कापला तर डिस्टॉर्शन घट्ट आणि स्पष्ट येतं. कापलेला खर्ज पुढे टोन कंट्रोल, पॉवर स्टेज (स्पीकरला ताकद देणारा शेवटचा टप्पा) आणि स्पीकर भरून काढतात. उलट सगळा खर्ज आत जाऊ दिला तर क्लीन आवाज भरदार राहतो, पण गेन वाढवताच सगळं एकमेकांत मिसळतं. दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नाही, कुठे तडजोड करायची ते तुम्ही ठरवायचं.

आधी जीव

व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये प्लेटला (व्हॉल्व्हच्या जास्त व्होल्टेजच्या टोकाला) साधारण ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो. फिल्टर कपॅसिटर (हा डीसी सपाट करणारे मोठे कपॅसिटर) हा चार्ज प्लग काढल्यावरही धरून ठेवू शकतात. हा झटका जीवघेणा असतो. पुढच्या पायऱ्या प्रत्येक वेळी, अगदी "एकच वायर हलवायची आहे" तेव्हासुद्धा, पाळायच्या.

१. स्टँडबाय स्विच असेल तर तो वाजवण्याच्या स्थितीत ठेवूनच मेन स्विच बंद करा. स्टँडबाय सर्किट तोडलेल्या स्थितीत असेल तर पहिला कपॅसिटर बाकीच्या सर्किटपासून तुटतो आणि त्याचा चार्ज आतच अडकतो.

२. प्लग भिंतीतून काढा आणि डोळ्यांसमोर ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

३. १० किलोओहम, १० वॅटच्या वायरवाउंड रेझिस्टरला दोन्ही बाजूंना इन्सुलेटेड मगर क्लिप लावून घ्या. एक टोक आधी चासीला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला) लावा, मग एका हाताने दुसरं टोक फिल्टर कपॅसिटरच्या प्लस बाजूला. दुसरा हात खिशात. दहा-पंधरा सेकंद धरा. प्रत्येक फिल्टर कपॅसिटरवर हेच करा.

४. मल्टिमीटरने मोजा. आकडा ५ व्होल्टच्या खाली हवा. काही मिनिटांनी परत मोजा, कारण मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर रिकामे केल्यावरही थोडा व्होल्टेज पुन्हा दाखवतात. काम चालू असेपर्यंत तोच रेझिस्टर लावून ठेवणं उत्तम, फक्त ॲम्प चालू करण्याआधी तो काढायचा.

स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून "ठिणगी पाडण्याची" पद्धत अजून काही जण वापरतात. त्यात कपॅसिटरही खराब होतो आणि हातही भाजतो. मल्टिमीटर आणि त्याचे प्रोब किमान ६०० व्होल्टसाठी बनवलेले हवेत. अर्थिंगची वायर कधीही तोडायची नाही. हम (सततची घूंघूं) कमी होतो म्हणून लोक तोडतात, तेव्हा हम जातो आणि गिटारच्या तारांवर मेन्स (भिंतीतली वीज) यायची वाट मोकळी होते. जुन्या दोन-पिनी ॲम्पमध्ये मेन्सपासून चासीला जोडलेला एक कपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला तर थेट चासीवर मेन्स येतो. असा ॲम्प हाताशी असेल तर टोनचं नंतर बघा, आधी तो कपॅसिटर काढून तीन-कोर केबल लावून घ्या. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

आणखी एक गोष्ट, जी माणसाला नाही पण ॲम्पला मारते: स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प चालू करू नका. लोड नसला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज तयार होतो आणि त्याचं इन्सुलेशन फाटतं. ट्रान्झिस्टर ॲम्पची सवय असलेले इथे हमखास फसतात.

सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी

टोनवर सगळ्यात मोठा परिणाम स्पीकरचा होतो, आणि लोक सगळ्यात शेवटी स्पीकरकडे बघतात. याचा पुरावा इतिहासात आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये तयार झालेल्या मार्शल जेटीएम४५ चं सर्किट जवळजवळ पूर्णपणे फेंडर बेसमन ५एफ६-ए वरून घेतलेलं आहे. बेसमनमध्ये मागून उघड्या कॅबिनेटमध्ये १० इंची चार जेन्सन स्पीकर होते, मार्शलने बंद कॅबिनेटमध्ये १२ इंची चार सेलेशन लावले. पहिला व्हॉल्व्ह बदलला, फीडबॅकचं (आउटपुटमधून मागे दिलेल्या सिग्नलचं) प्रमाण वाढलं. कागदावर दोन सर्किट शेजारी ठेवली तर जुळी वाटतात. ऐकायला मात्र एक अमेरिकन आणि एक ब्रिटिश, चक्क वेगळी घराणी.

स्पीकर निवडताना इंपीडन्स ॲम्पशी जुळवा (८ ओहमच्या जागी ८ ओहम). पॉवर रेटिंग ॲम्पच्या वॅटेजपेक्षा बऱ्यापैकी जास्त ठेवा, कारण पूर्ण ओव्हरड्राइव्हला व्हॉल्व्ह ॲम्प लिहिलेल्या वॅटपेक्षा बरंच जास्त देतो. सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा) आकडा दुर्लक्षू नका. ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा लावणं म्हणजे ॲम्पची पॉवर दुप्पट करण्यासारखं आहे, तेही ॲम्पला हात न लावता. "बँडमध्ये ऐकू येत नाही" ही तक्रार बऱ्याचदा इथेच मिटते. स्पीकर विकत घेण्याआधी मित्राच्या कॅबिनेटला ॲम्प जोडून ऐका.

नंतर प्रीॲम्पचे (सिग्नल सुरुवातीला वाढवणाऱ्या भागाचे) व्हॉल्व्ह. इनपुटला सगळ्यात जवळचा १२एएक्स७ (युरोपीय नाव ईसीसी८३) टोनवर सर्वाधिक परिणाम करतो. त्याचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १०० आहे. त्याच सॉकेटमध्ये बसणारा ५७५१ सुमारे ७०, १२एवाय७ सुमारे ४५. फार लवकर फाटणाऱ्या ॲम्पमध्ये पहिल्या जागी १२एवाय७ लावून बघा. व्हॉल्यूम नॉबची धाव लांबते, क्लीन मोकळा होतो. बेसमनमध्ये मुळात तोच होता. एकाच नंबरच्या दोन कंपन्यांच्या व्हॉल्व्हमध्ये फरक असतो, पण तो नंबर बदलण्याच्या फरकापेक्षा पुष्कळ कमी असतो. "जुन्या काळच्या" व्हॉल्व्हवर हजारो खर्च करण्याआधी हा साधा प्रयोग करा.

व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक आहे का (म्हणजे हादरे माइकसारखे पकडतो का), हे पेन्सिलच्या मागच्या टोकाने पाहायचं. ॲम्प चालू, व्हॉल्यूम मध्यावर, व्हॉल्व्हच्या काचेवर हलकी टिचकी. पहिल्या व्हॉल्व्हवर थोडी "टक" ऐकू येणं साहजिक आहे. "टिंग" असा घंटेसारखा लांबलेला आवाज आला किंवा शिट्टी सुरू झाली तर तो व्हॉल्व्ह इनपुटपासून लांबच्या स्टेजला हलवा किंवा बदला.

रेक्टिफायर व्हॉल्व्हशी (एसीचा डीसी करणाऱ्या) मात्र खेळताना जपून. ५वाय३ च्या जागी जीझेड३४ किंवा डायोडचा प्लग-इन लावला की मुख्य व्होल्टेज वाढतो. आवाज चपळ होतो खरा, पण पॉवर व्हॉल्व्ह आणि कपॅसिटरवर ताण येतो. बायस (वाजवत नसतानाही व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या करंटची ठेवण) परत मोजल्याशिवाय हे करू नये. उलट ५यू४ लावायचा तर त्याचा हीटर ३ अँपिअर घेतो, ५वाय३ चा २. ट्रान्सफॉर्मर तेवढं देऊ शकतो का, ते आधी तपासा.

दुरुस्ती आणि बदल यांत गल्लत नको

आजारी ॲम्पला मॉड (सर्किटमध्ये बदल) करण्यात अर्थ नाही. तुमच्या मॉडेलचा सर्किट डायग्राम मिळवा, आतले चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या पिनवरचा व्होल्टेज लिहून ठेवा. १२एएक्स७ मध्ये पिन १ आणि ६ प्लेट, २ आणि ७ ग्रिड (सिग्नल इथून आत येतो), ३ आणि ८ कॅथोड (इलेक्ट्रॉन इथून निघतात). मुख्य व्होल्टेज मोजताना मायनस प्रोब क्लिपने चासीला लावून ठेवायचा आणि फक्त एका हाताने काम करायचं.

दोन गोष्टी हमखास सापडतात. पंधरा-वीस वर्षं जुने इलेक्ट्रोलिटिक फिल्टर कपॅसिटर वाळलेले असतात. खर्ज ढिला पडतो, स्वरांच्या मागे भुतासारखा एक भलताच बेसूर स्वर ऐकू येतो, आणि हम वाढतो. हमचा स्वर ओळखता येतो: मेन्स ५० हर्ट्झ असेल तिथे फिल्टरचा हम १०० हर्ट्झचा असतो, हीटरमधून घुसलेला ५० चा (६० हर्ट्झ मेन्सला १२० आणि ६०). दुसरी गोष्ट, गळका कपलिंग कपॅसिटर (दोन स्टेज जोडणारा). त्याच्या पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर डीसी मोजा. कॅथोड बायसच्या स्टेजमध्ये (जिथे कॅथोडवरचा रेझिस्टरच बायस ठरवतो) ग्रिडवर जवळजवळ शून्य हवा. पॉझिटिव्ह व्होल्ट दिसले तर कपॅसिटर गळतोय. तो बदलल्यावर आवाजात जो फरक पडतो त्याला पुष्कळ लोक "मॉड" म्हणून मिरवतात.

जुन्या कार्बन कॉम्पोझिशन प्लेट रेझिस्टरमुळे "सुस्स" आणि चटचट येते. १०० किलोओहमचा १ वॅट मेटल फिल्म लावला की ती जाते.

खरा मसाला: कॅथोड कपॅसिटर

इथून सुरुवात करण्याचं कारण व्यावहारिक आहे. प्रीॲम्पच्या कॅथोडवर जेमतेम एक-दोन व्होल्ट असतात, २५ व्होल्टचा साधा कपॅसिटर चालतो, आणि परिणाम पहिल्याच तारेला कळतो. (ॲम्पमध्ये शेजारीच ३०० व्होल्ट असतात, म्हणून वरच्या चार पायऱ्या इथेही लागूच.)

नेहमीची रचना अशी असते: प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम, आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कपॅसिटर असताना स्टेजचा गेन सुमारे ६०. तो काढून टाकला तर साधारण ३०, म्हणजे जवळपास ६ डेसिबलची घट. २५ मायक्रोफॅरड हा इतका मोठा आकडा आहे की गिटारचे सगळेच स्वर सारखे वाढतात. लहान कपॅसिटर लावला की वरचे स्वर पूर्ण गेन घेतात आणि खालचे अर्ध्यावर राहतात. ०.६८ मायक्रोफॅरडला ही उचल साधारण १५० हर्ट्झच्या आसपास सुरू होते आणि ३०० हर्ट्झपर्यंत जवळजवळ पूर्ण होते. गिटारच्या मोकळ्या सहाव्या तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा. म्हणजे तिचा मूळ स्वर मागे राहतो आणि त्याच्या वरचे हार्मोनिक पुढे येतात. मार्शलच्या बऱ्याच ॲम्पमध्ये पहिल्या स्टेजला २.७ किलोओहमसोबत हाच ०.६८ असतो, त्यांच्या मिड्सच्या (मधल्या स्वरांच्या) गुरगुरण्यामागे त्याचा मोठा हात आहे.

कानाला फरक असा कळतो. गेन आठवर ठेवा, सहाव्या तारेवर पाम म्यूट करून आठ ठोके मारा. २५ मायक्रोफॅरडला प्रत्येक ठोका "ढब्ब" असा येतो आणि पुढच्याच्या अंगावर सांडतो. ०.६८ ला तोच ठोका "चग्" असा सुटा ऐकू येतो. आता क्लीन करा आणि एकच मोकळा कॉर्ड वाजवा. आता २५ वालाच गोड वाटेल आणि ०.६८ थोडा पातळ. मधली जागा हवी असेल तर १ ते ५ मायक्रोफॅरडमध्ये शोधा. माझी स्वतःची पसंती, दोन स्टेज असतील तर पहिली भरदार ठेवायची आणि दुसरी घट्ट करायची. सिंगल कॉइल (एका गुंडाळीच्या) पिकअपवाल्यांना ते जास्त मानवतं. हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) वाजवणाऱ्यांनी पहिलीच स्टेज घट्ट केलेली बरी.

ठरवता येत नसेल तर स्विच लावा. मधे बंद असलेला तीन-स्थितींचा स्विच घ्या: एका बाजूला २५, दुसऱ्या बाजूला ०.६८, मधे काहीच नाही. कपॅसिटरचं एक टोक कॅथोडला, दुसरं स्विचमधून ग्राउंडला. स्विचच्या दोन्ही बाजूंना समांतर १ मेगाओहमचे रेझिस्टर लावा, म्हणजे न वापरलेला कपॅसिटरही चार्ज राहतो आणि स्विच फिरवताना "फट्" होत नाही. इलेक्ट्रोलिटिक असेल तर मायनस ग्राउंडच्या दिशेला. वायर लहान ठेवा.

कपलिंग कपॅसिटर आणि अडकणारा आवाज

दोन स्टेजच्या मधे बसलेला कपलिंग कपॅसिटर डीसी अडवतो आणि सोबत थोडा खर्जही. बहुतेक ठिकाणी ०.०२२ मायक्रोफॅरड असतो. पुढे १ मेगाओहमचा पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टर) असेल तर हा ७ हर्ट्झपर्यंत सगळं सोडतो, म्हणजे गिटारच्या दृष्टीने काहीच कापत नाही. ०.००४७ लावला तर सीमा ३३ हर्ट्झच्या आसपास, ०.००२२ ला ७२, ०.००१ ला सुमारे १६०. शेवटच्या दोन आकड्यांत खर्जाचं खरं कापणं सुरू होतं.

मग ०.०२२ वरून ०.००४७ केल्यावर ३३ हर्ट्झपर्यंतच कापलं जात असेल तर आवाज एवढा स्वच्छ का होतो? कारण दुसरं आहे. पुढची स्टेज जोरात ओव्हरड्राइव्ह झाली की तिच्या ग्रिडमधून करंट वाहतो आणि कपलिंग कपॅसिटर चार्ज होतो. तो चार्ज उतरेपर्यंत ती स्टेज बायसच्या बाहेर, जवळजवळ बंद अवस्थेत असते. कानाला हे असं येतं: जोरात कॉर्ड मारला की आवाज क्षणभर गिळला जातो, मग फरफरत परत येतो. कपॅसिटर लहान असेल तर तो लवकर रिकामा होतो आणि स्टेज लवकर सावरते. गेन जास्त असलेल्या ॲम्पमध्ये "लगदा" म्हणून जी तक्रार येते, त्यातली बरीच याच कारणाची असते.

याच्या जोडीला ग्रिडच्या तोंडाशी, थेट सॉकेटच्या पिनवर, एक मोठा सीरिज रेझिस्टर लावावा. २२० ते ४७० किलोओहम. तो ग्रिडमध्ये शिरणारा करंट रोखतो. शिवाय व्हॉल्व्हच्या आतल्या, सुमारे १०० पिकोफॅरडच्या परिणामी कपॅसिटन्सबरोबर मिळून तो वरचे स्वर उतरवतो. ४७० किलोओहमला साधारण ३.४ किलोहर्ट्झपासून. डिस्टॉर्शनमध्ये मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा गोंगाट असेल तर एका रेझिस्टरमध्ये दोन रोग बरे होतात. फार बोथट वाटला तर २२० वर या.

कपलिंग कपॅसिटर ४०० किंवा ६०० व्होल्टचाच घ्या. इथे कंजूषी नको, कारण तो फुटला तर पुढचा व्हॉल्व्ह जातो. कंपनी आणि रंग यांवरून होणाऱ्या वादात मी पडत नाही. चांगल्या प्रतीचा पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टर फिल्म घ्या आणि किंमत बदलून ऐका, ब्रँड बदलून नाही.

छापील सर्किट बोर्डवर काम असेल तर जुना भाग ओढून काढू नका, तांब्याची पट्टी उखडते. भागाच्या पायांशी कापा, उरलेले पाय एकेक करून गरम करून काढा. उखडलेली पट्टी जोडण्यात जो वेळ जातो त्यात तीन ॲम्प होतात.

चिरकेपणावर: ब्राइट कपॅसिटर आणि टोन स्टॅक

व्हॉल्यूम पॉटच्या वरच्या आणि मधल्या टोकांमध्ये एक छोटा कपॅसिटर दिसला तर तो ब्राइट कपॅसिटर. व्हॉल्यूम कमी असताना तो वरचे स्वर थेट पुढे ढकलतो. पॉट पूर्ण उघडला की त्याचा परिणाम संपतो. त्यामुळेच काही ॲम्प तीनवर कर्कश आणि आठवर छान वाटतात, आणि घरी आठवर कोण वाजवणार? मार्शल २२०३ मध्ये हा १००० पिकोफॅरडचा असतो, फेंडर डीलक्स रिव्हर्बच्या व्हायब्रेटो चॅनलवर फक्त ४७ चा. मोठा असेल तर १०० ते १२० वर आणा, किंवा एक पाय काढून ऐका. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपा आणि घरी वाजवणाऱ्याला सगळ्यात फायद्याचा बदल हाच.

टोन स्टॅकमध्ये (ट्रेबल, बास, मिड्सच्या नॉबच्या सर्किटमध्ये) दोन भाग बघा. स्लोप रेझिस्टर फेंडरमध्ये सहसा १०० किलोओहम, मार्शलमध्ये ३३. तो १०० वरून ५६ केला की मिड्सचा खड्डा भरतो, आवाज पुढे येतो. ट्रेबल कपॅसिटर २५० पिकोफॅरडवरून ५०० केला तर ट्रेबल नॉबची पकड खाली, वरच्या मिड्सपर्यंत उतरते. डीलक्स रिव्हर्बसारख्या ॲम्पमध्ये मिड्सचा नॉबच नाही. त्या जागी ६.८ किलोओहमचा ठराविक रेझिस्टर आहे. त्याऐवजी २५ किलोओहमचा पॉट लावला की बँडमध्ये हरवणारा आवाज सापडतो. मागच्या पट्टीवर एखादं रिकामं भोक असेल तर तिथे बसवा, नवीन भोक पाडून ॲम्पची किंमत घालवू नका.

नेगेटिव्ह फीडबॅक

स्पीकरच्या जोडणीवरून एक रेझिस्टर मागे फेज इन्व्हर्टरला (पॉवर व्हॉल्व्हसाठी सिग्नलच्या दोन उलट प्रती करणाऱ्या स्टेजला) किंवा आधीच्या कॅथोडला जातो, तो फीडबॅकचा. जास्त फीडबॅक म्हणजे घट्ट खर्ज, सपाट आणि शिस्तीत आवाज, डिस्टॉर्शन उशिरा पण एकदम. कमी फीडबॅक म्हणजे गेन वाढतो, वरचे-खालचे दोन्ही टोकांचे स्वर मोकळे होतात, डिस्टॉर्शन हळूहळू चढतं. व्हॉक्स एसी३० मध्ये फीडबॅक मुळीच नाही. फेंडर चॅम्प ५एफ१ मध्ये २२ किलोओहमचा आहे. त्याच्या जागी ४७ लावून बघा, किंवा मधे एक स्विच टाका. मोठ्या ॲम्पमध्ये आहे त्याच्या दुप्पट किंमतीपासून सुरुवात करा. प्रेझेन्स नॉब (वरचे स्वर पुढे आणणारा) याच वाटेवर असतो, त्यामुळे फीडबॅक पूर्ण तोडला तर तो नॉब मेलाच.

ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर किंवा फीडबॅक नव्याने जोडल्यावर चालू करताच ॲम्प किंचाळला तर फेज उलटी आहे. ताबडतोब बंद करा. पुश-पुल ॲम्पमध्ये (पॉवर व्हॉल्व्ह जोडीने उलटसुलट काम करतात अशा) आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या, पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटला जाणाऱ्या दोन वायरी अदलाबदल करा.

प्रत्येक बदलानंतर

एका वेळी एकच बदल. दोन एकदम केले आणि आवाज बिघडला तर दोष कुणाचा हे कळत नाही. बदलाआधी आणि नंतर तीच गिटार, तोच माइक त्याच जागी ठेवून तोच तुकडा रेकॉर्ड करा आणि दोन्हींची पातळी सारखी करून ऐका. मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो, आणि अर्ध्याहून अधिक "सुधारणा" म्हणजे फक्त दोन डेसिबलची वाढ असते. निकाल दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी द्या.

पहिल्यांदा चालू करताना सीरिज लॅम्प वापरा, म्हणजे मेन्सच्या वाटेत ६० ते १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटलेला राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही.

व्हॉल्यूम वाढवल्यावर शिट्टी येत असेल किंवा स्वराच्या शेपटाला खरखर असेल तर भाग बरोबर असूनही वायरी चुकीच्या जागी आहेत. ॲम्प चालू ठेवून एका कोरड्या लाकडी काडीने ग्रिडची वायर प्लेटच्या वायरपासून दूर सरकवा. एखाद्या ठिकाणी शिट्टी एकदम थांबते. तिथेच ती वायर बसवा. ग्रिडच्या वायरी चासीला चिकटून आणि आखूड, हीटरच्या दोन वायरी एकमेकींत पिळलेल्या, आणि या दोन्ही जिथे भेटतात तिथे काटकोनात.

शेवटी बायस

पॉवर व्हॉल्व्ह, रेक्टिफायर किंवा मुख्य व्होल्टेज यांपैकी काहीही बदललं असेल तर बायस मोजावाच लागतो. फिक्स्ड बायसच्या ॲम्पमध्ये (जिथे ग्रिडला वेगळा निगेटिव्ह व्होल्टेज देतात) प्रत्येक पॉवर व्हॉल्व्हच्या कॅथोड आणि ग्राउंडच्या मधे १ ओहमचा, १ टक्का अचूकतेचा रेझिस्टर कायमचा बसवा. त्यावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. मीटरच्या क्लिपा ॲम्प बंद असतानाच लावायच्या, स्पीकर जोडायचा, व्हॉल्यूम शून्यावर, आणि पाच-दहा मिनिटं तापू द्यायचं.

गणित सोपं आहे. व्हॉल्व्हच्या कमाल प्लेट डिसिपेशनच्या (प्लेट सोसू शकते त्या उष्णतेच्या, वॅटमध्ये) ७० टक्क्यांना प्लेट व्होल्टेजने भागा. ६एल६जीसी ची मर्यादा ३० वॅट, त्याचे ७० टक्के २१ वॅट. ४५० व्होल्टला सुमारे ४७ मिलिअँपिअर. ईएल३४ ची मर्यादा २५ वॅट, ४५० व्होल्टला सुमारे ३९. कॅथोडच्या मोजमापात स्क्रीनचा (पॉवर व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या ग्रिडचा) थोडा करंटही मिसळलेला असतो, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला. ७० ही वरची हद्द समजा; ६० ते ६५ ला कित्येक ॲम्प जास्त स्वच्छ वाजतात आणि व्हॉल्व्ह जास्त टिकतात.

कॅथोड बायसच्या ॲम्पमध्ये कॅथोड रेझिस्टरवरचा व्होल्टेज त्याच्या किंमतीने भागायचा. ४७० ओहमवर १९ व्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर. हे ॲम्प मर्यादेच्या जवळ चालवलेले असतात, तिथे ७० टक्क्यांचा नियम लावायचा नाही. दोन्ही प्रकारांत दिवे मालवून प्लेटकडे बघा. हीटरची नारिंगी झाक ठीक, पण राखाडी प्लेटवर लाल डाग उमटत असेल तर त्याच क्षणी बंद करा.

नवे पॉवर व्हॉल्व्ह सुरुवातीच्या काही तासांत थोडे सरकतात, म्हणून दहा-वीस तास वाजवून झाल्यावर बायस पुन्हा मोजा. तो आकडा, प्लेट व्होल्टेज आणि केलेले सगळे बदल तारखेसकट कागदावर लिहून चासीच्या आत, गरम भागांपासून लांब, चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी ॲम्प उघडणाऱ्याला, मग ते तुम्हीच का असेना, मूळ डायग्राममधलं नेमकं काय बदललं आहे ते शोधत बसावं लागत नाही.